जिभेखालचा दोरा

मांजराच्या जिभेवरचे काटे सगळे आतल्या बाजूला वळलेले असतात. आपली नखं ज्या केराटिनची असतात त्याचेच हे बारीक आकडे. हाडाला चिकटलेलं मांस खरवडायला ते उपयोगी पडतात, अंगावरचे केस विंचरायलाही. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं की या काट्यांची टोकं पन्हाळीसारखी पोकळ असतात आणि त्यांतून लाळ केसांच्या थरातून थेट कातडीपर्यंत पोचते. इतकी देखणी रचना, पण तिच्यात परतीची सोय नाही. जिभेवर अडकलेला लांब दोरा थुंकून टाकणं मांजराला फार जड जातं. ते जितकी जीभ हलवतं तितका दोरा आत सरकतो. शेवटी ते गिळतं.

पुढचं जरा नीट सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की दोऱ्याने काय होणार, शीवाटे पडून जाईल. कधीकधी पडतोही. पण दोऱ्याचं एक टोक कुठेतरी अडकलं तर गोष्ट वेगळी होते. मांजरात ही अडकण्याची जागा बरेचदा जिभेच्या मुळाशी असते, किंवा जठर संपून आतडं सुरू होतं तिथे. एक टोक अडकलेलं, बाकीचा दोरा आतड्यात. आतडं आपलं काम करत राहतं, आलेली वस्तू लाटेलाटेने पुढे ढकलत राहतं. दोरा पुढे जात नाही, मग आतडंच दोऱ्यावर चढत जातं. लेंग्याची नाडी ओढल्यावर कापडाच्या चुण्या पडतात ना, तशा आतड्याच्या चुण्या पडतात. आणि प्रत्येक चुणीच्या आतल्या वळणावर तो ताणलेला दोरा करवतीसारखा घासत राहतो. आतडं चिरलं की पोटात संसर्ग पसरतो. दोऱ्याला सुई असेल तर आणखी वेगळं दुखणं.

एक्स-रेत साधा दोरा दिसत नाही, चुणलेलं आतडं दिसू शकतं. म्हणून उलट्या करणारं, खाणं सोडून कोपऱ्यात बसलेलं मांजर समोर आलं की अनुभवी डॉक्टर आधी त्याचं तोंड उघडून जीभ वर उचलून बघतात. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर घरच्यांनी तो ओढायचा नसतो, हे तर प्रत्येक मांजरवाल्या घरात फ्रिजवर लिहून चिकटवावं. आतलं टोक कुठे गुंतलंय ते आपल्याला ठाऊक नसतं, आणि ओढलं की करवत आपल्या हातात येते. घरच्या घरी मीठपाणी पाजून उलटी काढायचा प्रयोगही नको. गाडी काढायची किंवा रिक्षा थांबवायची आणि निघायचं.

आता प्रश्न. "मांजराने दोरा खाल्ला" या वाक्यात व्याकरणाच्या हिशेबाने कर्ता मांजर आहे. नीतीच्या हिशेबाने कर्ता कोण?

पहिलं उत्तर सोपं वाटतं: मांजर मूर्ख आहे. पण मूर्खपणासाठी निदान चुकीची निवड तरी करावी लागते. मांजर दोऱ्याला अन्न समजत नाही, सावज समजतं. लांब, बारीक, जमिनीलगत वळवळत जाणारी वस्तू म्हणजे शेपूट किंवा सरपटणारं काहीतरी, हे त्याच्या अंगात हजारो पिढ्या मुरलेलं आहे. खेळणं आणि शिकार करणं या मांजराच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. दबा, झेप, पकड, चावा, सगळं तेच. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वीच्या एका माणसाच्या दफनाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. म्हणजे माणसाच्या जवळपास ते इतकी वर्षं आहे, बहुधा धान्यामागे आलेल्या उंदरांमागे आलं. त्या काळात वळवळणारी बहुतेक प्रत्येक गोष्ट खरोखर जिवंत असायची. मांजराचा अंदाज बरोबर होता आणि आजही बरोबर आहे. बदललं ते घर.

मराठी घरात एक फेरी मारून बघा. फुलपुडीचा दोरा, गजऱ्याचा दोरा. कोथिंबिरीच्या जुडीचा रबरबँड. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा, तोही दुधाचा वास असलेला. तुपात भिजवलेल्या फुलवाती, म्हणजे मांजराच्या दृष्टीने तूप लावलेला कापूस. राखी, मिठाईच्या खोक्याची रिबीन, गणपतीच्या आराशीतल्या झिरमिळ्या, संक्रांतीनंतर गॅलरीत येऊन पडलेला मांजा. केसांचे रबर तर मोजूच नका. इअरबडची सिलिकॉनची टोपी, चार्जरची केबल. यातली एकही वस्तू मांजराने घरात आणलेली नाही.

आणि आणलेली कुणी एकाने नाही. पुडी आईची, रबरबँड बाबांनी आणलेल्या भाजीचा, रिबीन पाहुण्यांची, इअरबड तुमचे. चार माणसांच्या घरात जबाबदारी अशी चौघांत वाटली जाते की कुणाच्याच वाट्याला येत नाही. मांजर आजारी पडल्यावर मात्र वाक्य एकच निघतं: "काय खाल्लंन् मेल्याने कोण जाणे."

मांजराला शिस्त लावावी, असं म्हणणारे लोक पाण्याची स्प्रे बाटली जवळ ठेवतात. केबलला तोंड लावलं की फवारा. यातून मांजर काय शिकतं? बाटलीवालं माणूस घरात असताना केबल चावू नये, एवढंच. केबलमध्ये वीज आहे, दोऱ्याने आतडं चिरतं, हे त्याला कुठल्याही फवाऱ्यातून कळणार नाही. कारण शिक्षा आणि धोका यांच्यातला दुवा आपल्या डोक्यात आहे, त्याच्या नाही. मला ही पद्धत कुचकामी तर वाटतेच, पण अन्यायाचीही वाटते. ज्याला कारण समजू शकत नाही त्याच्यावर आपण नियमाचं ओझं टाकतो, आणि ज्याला कारण पक्कं ठाऊक आहे तो रबरबँड टीपॉयवर टाकून मोकळा होतो.

इथे घरातली मोठी माणसं हसतात. आमच्या वाड्यात सात-आठ मांजरं असायची, कोण बघत बसायचं त्यांच्याकडे? काही झालं नाही कुणाला. हा युक्तिवाद लक्ष देऊन ऐकण्यासारखा आहे, कारण त्यातच त्याचं उत्तर आहे. त्या सात-आठांपैकी एखादं काही दिवस दिसलं नाही तर काय म्हणायचे? "गेलं कुठेतरी." दुखणाइत मांजर लपतं, हा त्याचा स्वभाव. ते माळ्यावर, सरपणामागे, पडक्या खोलीत जातं आणि तिथेच संपतं. त्याचा हिशेब कुणी ठेवलेला नसतो. जी समोर दिसत राहिली ती मोजली गेली. काही झालं नाही याचा अर्थ काही कळलं नाही, इतकाच असू शकतो. आज तेच मांजर दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आहे, दार बंद आहे, गॅलरीला जाळी आहे. ते आता कुठेतरी जाऊ शकत नाही. म्हणून आपल्याला दिसतं, आणि दिसतं म्हणून प्रश्न पडतो.

जॉन स्टुअर्ट मिलच्या स्वातंत्र्यावरच्या १८५९ सालच्या पुस्तकात एक पूल आहे. एक माणूस मोडकळीला आलेल्या पुलावर पाय टाकतोय. पूल धोक्याचा आहे हे त्याला माहीत नाही आणि सांगायला वेळ नाही. मिल म्हणतो, त्याला धरून मागे ओढलंत तर त्याच्या स्वातंत्र्यावर घाला पडत नाही, कारण त्याला पूल ओलांडायचा आहे, नदीत पडायचं नाही. पण पूल नक्की कोसळणार असं नसून नुसती शक्यता असेल, तर धोका पत्करायचा की नाही हे त्याचं त्याने ठरवावं. तुम्ही फक्त सावध करा.

मांजर या पुलावर उभं केलं की मिलचा पहिला भाग चपखल बसतो. त्याला उंदीर धरायचा आहे, आतडं चिरून घ्यायचं नाही. दोरा काढून घेण्यात त्याच्या इच्छेविरुद्ध काही होत नाही. दुसऱ्या भागात मात्र अडतं. मांजराला सावध करता येत नाही. मग शक्यता कितीही लहान असली तरी निर्णय आपल्याकडेच येतो. मिलनेही लहान मुलांना या नियमातून वगळलं होतं, पण मूल मोठं होतं. आज गॅसच्या बटणापासून ज्याला लांब ठेवायचं, तोच पंधरा वर्षांनी चहा करून आणतो. आईबापांच्या सक्तीला शेवटची तारीख असते, म्हणून ती सोसवते, दोन्ही बाजूंना. मांजराच्या बाबतीत ती तारीख नाही. दोन महिन्यांच्या पिल्लाला दोऱ्यातलं जेवढं कळतं तेवढंच बारा वर्षांच्या बोक्याला कळतं.

आपल्याकडे यासाठी एक जुना दृष्टान्त आहे. दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेत शरणागतीवरून दोन मतं पडली. एक मर्कटन्याय: माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून असतं, म्हणजे तरून जायला भक्तालाही काही करावं लागतं. दुसरा मार्जारन्याय: मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला मानेला धरून नेईल तिथे जातं. वडकलै पंथ पहिल्याकडे झुकला, तेंकलै दुसऱ्याकडे. घरात मांजर पाळणाऱ्याने स्वतःला नकळत मार्जारन्यायातल्या देवाच्या जागी बसवलेलं असतं. सगळी काळजी माझी, तू नुसतं अंग सैल सोड.

फक्त दृष्टान्त रचणाऱ्यांनी पिल्लू पहिल्या काही आठवड्यांतलं घेतलं. नंतर तीच मांजरी अर्धमेला उंदीर आणून पिल्लांपुढे टाकते आणि बाजूला बसून बघते. चावा लागला तर लागला. ती त्यांना जपते आणि धोक्यातही ढकलते, कारण तिला माहीत असलेल्या जगात राहायला दोन्ही लागतं. मोठं झालेलं मांजर अंग सैल सोडणारं नसतं. कपाटावर चढणारं, बंद दारापुढे ओरडणारं, डबा पाडून बघणारं असतं. त्याला जपायचं म्हणजे त्याच्या या सगळ्याशी रोज थोडं भांडायचं. देवाला निदान पिल्लाच्या नख्या लागत नव्हत्या.

कुठवर जपायचं, हा त्यामुळे खरा अडचणीचा प्रश्न आहे. एका टोकाला रिकामी खोली: दोरा नाही, पिशवी नाही, केबल नाही, पडदा नाही, झाडाची कुंडी नाही. अशा खोलीत मांजर आतड्याच्या दुखण्याने मरणार नाही. दिवसभर भिंतीकडे बघत बसेल, किंवा स्वतःचेच केस चाटून चाटून उपटेल. कंटाळलेली मांजरं तसं करतात. लोकर, कापड चावत-चोखत बसण्याची सवयही काही मांजरांत असते, सयामी आणि बर्मी जातींत जास्त. लवकर आईवेगळ्या केलेल्या पिल्लांत ती येते असं बरेच जण मानतात. कधी रक्तक्षय किंवा पोटाचं दुखणं यांमुळेही मांजर भलतंसलतं खाऊ लागतं, तेव्हा वस्तू उचलून ठेवण्याबरोबर तपासणीही लागते. सांगायचं ते हे की जपण्याचा अतिरेक स्वतःच एक दुखणं तयार करतो, आणि ते दुखणं पुन्हा वस्तू चावण्यात बाहेर पडतं.

दुसरीकडे दोरा म्हणजे मांजराचा सगळ्यात मोठा आनंद. काठीला बांधलेलं पीस, जमिनीवरून ओढलेली नाडी, यांपुढे महागडी खेळणी फिकी पडतात. (मांजराची म्हणून दुकानात मिळणारी निम्मी खेळणी दोऱ्याचीच असतात, हेही गमतीचंच. घंटा कोण बांधणार हा जुना पेचही आता सुटलाय. घंटेसकट पट्टा दोन दिवसांत घरपोच येतो. फक्त तो ओढ बसताच सुटणारा बघून घ्या.) तीच नाडी दहा मिनिटं तुमच्या हातात असते तेव्हा खेळ असते. तुम्ही फोन घ्यायला उठलात आणि ती जमिनीवर राहिली की धोका. नाडीत काहीच बदललेलं नसतं. धोका वस्तूत असतो असं समजून आपण याद्या करतो, पण यातल्या कितीतरी वस्तूंच्या बाबतीत तो दुसऱ्या टोकाला माणूस आहे की नाही यावर ठरतो.

याद्यांबद्दल अजून एक. हे बंद कपाटात ठेवा, ते ड्रॉवरमध्ये ठेवा, शिवणाच्या खोलीचं दार लावून घ्या, असे सल्ले वाचताना डोळ्यांपुढे जे घर येतं त्यात शिवणाची वेगळी खोली आहे. आमच्या लालबागच्या जुन्या चाळीत शेजारच्या काकू साड्यांना फॉल-बिडिंग करायच्या. दहा बाय बाराची खोली, तिच्यात पाच माणसं, मशीन, साड्यांचे गठ्ठे आणि एक करडं मांजर. ते मांजर धड त्यांचं नव्हतं. मजल्यावरच्या तीन घरांत त्याची तीन नावं होती. दोरा तर घरभर, कारण दोऱ्यावरच घर चालत होतं. काकूंच्या मशीनपाशी श्रीखंडाचा रिकामा डबा असायचा, झाकणाचा. दोरा तोडला की तुकडा डब्यात आणि झाकण बंद. एकेक तुकड्याला एकेकदा झाकण. संध्याकाळी सुया मोजायच्या. मी एकदा विचारलं, "काकू, मांजर दोरा खाईल म्हणून का हो?"

"मांजर, आणि आमचं हे रांगतं कार्टंपण. दोघं सारखीच. मांजराला अक्कल असती तर त्यालाच नसतं बसवलं फॉल लावायला?"

त्या मांजरावर फार माया करायच्या असं नाही. मशीनवर बसलं तर "हाड" म्हणून ढकलायच्या. घरात मोकळं ते हवं तेव्हा यायचं, हवं तेव्हा जायचं. पण दोरा त्यांचा होता, आणि त्याचं काय करायचं हे त्यांनी मांजराच्या शहाणपणावर सोडलं नव्हतं.

कायदा काय म्हणतो पाहिलं. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याचं तिसरं कलम सांगतं की जनावर ज्याच्या ताब्यात किंवा देखभालीत असेल त्याने त्याचं हित जपण्याचे आणि अनावश्यक वेदना टाळण्याचे सगळे वाजवी उपाय करावेत. तीन नावांचं मांजर कुणाच्या ताब्यात? आणि पाच माणसांच्या खोलीत वाजवी म्हणजे किती? मालकीपासून सुरुवात केली की हे प्रश्न सुटत नाहीत. वस्तूपासून सुरुवात केली तर सोपे होतात. मांजर कुणाचंही असो, रस्त्यावरचं असो, दोरा कुणाचा आहे ते बहुतेक वेळा स्पष्ट असतं.

मांज्याच्या बाबतीत आपण हे मान्य केलेलंच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली नायलॉन मांज्यावर देशभर बंदी घातली, तेव्हा घारींनी संक्रांतीत जपून उडावं असं कुणी सुचवलं नाही. घार कुणाच्या मालकीची हेही विचारलं नाही. बंदी अजून धड पाळली जात नाही, दर जानेवारीत पक्षी आणि दुचाकीवाले दोघेही कापले जातात, ते वेगळं. पण भार कुणावर ठेवायचा याबद्दल शंका नव्हती. घरातल्या दोऱ्याला हाच न्याय लावायला आपण बिचकतो, कारण मग रोजच्या हजार लहान हालचाली बदलाव्या लागतात. पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता चीर द्यावी लागते, रबरबँड हातातून थेट बरणीत टाकावा लागतो, कचऱ्याच्या डब्याला झाकण लागतं. त्यात तत्त्वज्ञान दिसत नाही. कंटाळवाणं असतं, आणि घरातल्या एकाच व्यक्तीवर पडलं तर तिच्यावर अन्याय करणारंही.

शिवाय एवढं करून कधीतरी काहीतरी निसटतंच. तेव्हा पुढचा हिशेब पैशांचा असतो. आतडं उघडायची शस्त्रक्रिया खासगी दवाखान्यात सहज पाच आकडी बिलापर्यंत जाते. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, प्रत्येक गावात तसं काही नाही. तीन नावांच्या मांजरासाठी तीन घरं वर्गणी काढतील का, हे मला सांगता येत नाही. काढलेली पाहिली आहे, न काढलेलीही पाहिली आहे. न काढणाऱ्यांना निर्दय म्हणायला माझी जीभ वळत नाही. महिन्याचं भाडं आणि बोक्याचं आतडं यांत निवड करायची वेळ ज्याच्यावर येते, त्याला उपदेश करणं सोपं असतं. दोरा डब्यात टाकायला मात्र पैसे लागत नाहीत, आणि शस्त्रक्रियेपेक्षा डबा आधी येतो.

आमच्याकडे सध्या एक मांजर आहे. संध्याकाळी नाडी निघते, दहा मिनिटं घरभर धावाधाव होते, मग नाडी गुंडाळून डब्यात जाते. झाकण लागल्याचा आवाज त्याला ओळखू येतो. त्यानंतर बराच वेळ ते डब्यासमोर पाय दुमडून बसतं, मधूनच पंजाने झाकण खरवडतं, माझ्याकडे बघतं. नाडी कुठे आहे हे त्याला पक्कं ठाऊक आहे. ती तिथे का आहे, हे मला त्याला सांगता येत नाही. थोड्या वेळाने ते उठतं आणि खिडकीत जाऊन बसतं.